श्लोकात नसलेला मोर

“हा मोर कुठून आला?” मी विचारलं.

“मॅडम, पावसाचं वर्णन आहे. मोर असणारच,” हेमांगी म्हणाली. “चालून जाईल ना?” आणि वर गुजरातीत, “चाली जशे.”

श्लोकात मोर नव्हता. मोराचं पीसही नव्हतं. एक शब्द अडला, तिथे तिने अख्खा पक्षी बसवून टाकला होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

सिल्वासात मी एम.ए.ला संस्कृत शिकवते. हेमांगी एम.ए.ला पहिली आलेली. तिला पीएच.डी. करायची होती. त्या इंटरव्ह्यूत ‘अनसीन’ देतात, म्हणजे कधी न पाहिलेला उतारा समोर ठेवून अर्थ लावायला सांगतात. एम.ए.ला पुस्तकं नेमलेली असतात, गाईड पाठ केलं की निभावतं. संशोधनाला गाईड नसतं. हे सांगून सांगून माझा घसा बसला.

“अडलं तिथे फुली मार,” मी म्हणायची. ती मारायची नाही. ठोकून द्यायची, तेही इतक्या सफाईने की मीच पुन्हा मूळ श्लोक बघायची. संताप संताप व्हायचा. जागा एकच होती. ती हुकली की बी.एड. करून नोकरी, असं तिच्या घरी ठरलं होतं.

एक दिवस तिचे वडीलच आले. दादऱ्याच्या यार्न कंपनीत सुपरवायझर, मूळचे जळगावकडचे.

“मॅडम, लहानपणापासून सांगतोय मी तिला, पेपर कोरा सोडायचा नाही. काहीतरी लिहूनच यायचं. अन् तुम्ही फुल्या मारायला लावताय?”

“मशीन बंद पडलं तर रिपोर्टमध्ये ‘चालू’ लिहिता का तुम्ही?”

“साहेब राउंडला येणार असला तर लिहितो ना!”



इंटरव्ह्यूचं मला हेमांगीनेच सांगितलं. तिसऱ्या ओळीला ती अडली. तिथले विभागप्रमुख म्हणाले, “हं, पुढे?” तिने ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, “सर, ही ओळ मला लागत नाही.”

“मलाही लागत नाही,” ते म्हणाले. “म्हणूनच ठेवलीय. तुमच्या आधीच्या सगळ्यांनी मात्र धडाधड अर्थ सांगितला.”

ॲडमिशन झाली. वडील पेढे घेऊन आले, पण चेहरा वैतागलेलाच.

“म्हणजे आलं नाही म्हणून घेतलं तिला?”

“तसंच म्हणा.”

“मग एम.ए.ला एवढं पाठ कशाला करून घेतलं?”

याचं उत्तर मला येत नव्हतं. मी तसं सांगून टाकलं.