गिरिजाबाईंनी दिलेली खाट

गिरिजाबाई साळवे रागीट होत्या, हे अख्ख्या भोकरदन तालुक्याला माहीत होतं. राग कशाचा, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक. जन्म केदारखेड्याचा. बाप सालदार, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. औरंगाबादला राहून त्या नर्सिंग शिकल्या आणि तालुक्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात लागल्या. पंधरा वर्षं त्यांनी तापकरी पाहिले, बाळंतिणी पाहिल्या, विंचू चावलेले पाहिले. कोणालाच दारातून परत लावलं जात नसे. परत लावला जायचा तो एकच माणूस, राजूरचा भुजंग.

भुजंगला दुखणी दोन. विशीत त्याच्या कानात माणसं बोलू लागली. दिसत कोणी नसे, पण शिव्या ऐकू येत. त्या ऐकू येऊ नयेत म्हणून तो दारू प्यायला लागला. दारूनं घटकाभर गप्प बसलेली माणसं नंतर दुप्पट बोलत. मनाच्या डॉक्टरांकडे नेला, तर ते म्हणाले, आधी दारू सोडवून आणा. दारू सोडवणाऱ्यांकडे नेला, तर ते म्हणाले, आधी डोकं ठीक करून आणा. थोरला भाऊ तातेराव या दोन दारांमध्ये एसटीनं हिंडून हिंडून थकला. शेवटी गिरिजाबाईंनीच एका डॉक्टरांना गळ घालून गोळ्या लिहून घेतल्या. दर महिन्याला त्या तातेरावच्या हातात पुडी देत.

१९९३ चा माघ महिना. एका मंगळवारी तातेरावनं भावाला राजूरच्या गणपतीपुढे उभं केलं आणि नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की आजपासून नशा बंद. बंद म्हणजे बंद. दारू सुटली आणि तिच्याबरोबर गोळीही सुटली. कारण गोळी घेतली की भुजंगच्या डोळ्यांवर झापड यायची, पाय जड पडायचे. घरच्यांना तीही नशाच वाटली. देवाची शपथ अर्धी कशी पाळायची?

तिसऱ्या दिवशी बैलाच्या दाव्यानं हात बांधून त्याला टेम्पोतून दवाखान्यात आणला. अंग थरथरत होतं, सदरा घामानं निथळत होता. अंगावर नसलेल्या मुंग्या बांधल्या हातांनी झटकत होता. डॉक्टरसाहेबांनी ओट्यावरूनच पाहिलं.

"पिऊन आलाय. उतरली की आणा."

"गणपतीची आण साहेब, तीन दिवस झाले, थेंब न्हाई," तातेराव हात जोडून म्हणाला.

"सगळे हेच सांगतात."

गिरिजाबाई पायऱ्या उतरून टेम्पोपाशी गेल्या. "साहेब, जरा खाली या. ह्याच्या तोंडाचा वास घ्या."

"सिस्टर, तुमचं काम करा."

"तेच करून राह्यले. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की असंच होतं. ह्याच्यात माणूस मरतो. वास घ्या आन् मंग हाकला."

लेकराला इंजेक्शन द्यायला आलेली पुष्पाबाई तिथंच उभी होती. ती म्हणाली, "आमच्या घरच्याचा वास मी सतरा वर्षं घेऊन राह्यले, साहेब. ह्याच्या तोंडाला बिलकुल न्हाई."

लोक हसले. साहेब खाली आले. वाकले, वास घेतला आणि सलाईन, इंजेक्शन लिहून आत गेले. जाता जाता म्हणाले, "वॉर्डात ठेवू नका."

गिरिजाबाईंनी वॉर्डातच ठेवला. खिडकीजवळची खाट दिली आणि दावं आपल्या हातानं सोडलं.

"मुंग्या हायेत, बाई."

"मला दिसत न्हाईत, भुजंग. पण तुला दिसून राह्यल्यात ना, मंग मी हितंच बसते."

पाचव्या दिवशी भुजंगनं भावाला नावानं हाक मारली आणि भाकर मागितली. बाईंनी गोळी पुढे केली, तसा तातेरावनं हात आडवा धरला.

"बाई, शपथ मोडंल."

"शपथ दारू सोडायची घेतली का अक्कल सोडायची? मी तुमच्या गणपतीला हात जोडत न्हाई, तातेराव, पण तो एवढा येडा नसंल!"

बोलून गेल्या आणि थबकल्या. वर्षभर पुडी दिली, पण ती गोळी काय करते, झापड का येते, हे आपण तरी कधी सांगितलं? त्या खाटेवर टेकल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. तातेराव मान खाली घालून ऐकत राहिला. भुजंगनं मात्र मधेच गोळी उचलली आणि पाण्याबरोबर गिळली.

महिन्याभरात जिल्ह्याच्या साहेबांची नोटीस आली. मनोरुग्ण व व्यसनी इसमास वॉर्डात खाट का दिली, याचा खुलासा करावा. बाईंनी खुलासा केला, "आजार दोन होते, पण माणूस एकच होता. म्हणून खाट एकच लागली." पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली, थेट शहागडला.

तातेराव दर महिन्याला भुजंगला घेऊन एसट्या बदलत तिथं येऊ लागला. भुजंग दोनदा घसरला, पुन्हा प्याला, पण गोळी त्यानं सोडली नाही. त्याला दारात पाहिलं की बाईंना बरं वाटे आणि लगेच संताप येई.

"एवढ्या लांब कशाला येता रे? तिथं गोळी द्यायला कोणाला हात न्हाईत?"

"हात हायेत, बाई," भुजंग म्हणाला. "पण तिथं नाव घेत न्हाईत. ए येड्या, म्हणून पुकारतात."

बाईंनी त्याला बसायला खुर्ची ओढून दिली, पुडी हातात ठेवली आणि कोरा कागद पुढे घेऊन, भुजंगसारख्यांना त्यांच्याच तालुक्यात खाट आणि गोळी मिळावी म्हणून जिल्ह्याच्या साहेबांना सातवं पत्र लिहायला बसल्या.