मामा कन्नडमध्ये काय म्हणाले

वळसंगचे मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. त्यांचा मुलगा सीमेवरच्या लढाईत गेला. काही वर्षांनी माझा कॉलेजातला मित्र त्या लढाईवर माहितीपट काढायला पुण्याहून आला. लढाईच्या वेळी सत्तेवर असलेल्या नेत्याला तो जाब विचारणार होता. "मोकळं सोडणार नाही त्यांना," म्हणाला. मी भारावलो आणि त्याला मामांकडे घेऊन गेलो.

मामा पाहुण्यांशी मराठी बोलतात, पण आतलं काही बोलायचं झालं की कन्नडवर येतात. कॅमेऱ्यापुढेही तसंच झालं. मुलाच्या शाळेचं, कबड्डीचं मराठीत सांगता सांगता ते एकाएकी कन्नडमध्ये म्हणाले, "त्याला धाडायचं कुणी ठरवलं, त्याचं नाव सांगा. त्यानं माझ्या कट्ट्यावर बसून का धाडलं ते सांगावं." आणि रडले.

मित्राला कन्नड येत नव्हतं. "काय म्हणाले?"

"देशासाठी दिला, म्हणतात," मी म्हणालो.

गावात मामांना त्रास होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरी भीती माझी होती. जवळच्या शहरात, भवानी पेठेत माझी शिकवणी चालते; पालकांच्या कानावर गेलं तर, हे मनात आधी आलं.

माहितीपट वळसंगच्या शाळेत खिडक्यांना चादरी लावून दाखवला. पडद्यावर नेता बागेत एकटाच हळूहळू चालत होता. मागे व्हायोलिन. "त्या दिवसांत मला झोप नव्हती," तो म्हणाला. मित्रानं पुढचा प्रश्नच विचारला नव्हता. लढाई कुणी ठरवलीच नाही, अवर्षणासारखी ती येऊन गेली, असं वाटत होतं. लगेच रडणारे मामा दिसले. त्यांचा कन्नड आवाज नीट ऐकू येत होता आणि खाली मराठी अक्षरं होती : देशासाठी दिला.

अख्ख्या गावाला कन्नड येतं. कुणीतरी मागून म्हणालं, "हे कुणी लिवलं रं?"

बाहेर येऊन मी मित्राला फोन केला. फसवलंस, म्हणालो.

"वाक्य तुझंच आहे ना?" तो म्हणाला. "नेत्यांच्या मुलाखतीची परवानगी त्या वाक्यानंतरच मिळाली."

म्हणजे नेत्याच्या माणसांना आधी मामा दाखवले होते. माझे मामा.

आत आलो. पुढच्या रांगेत तालुक्याहून आलेले पाहुणे चहा घेत होते. मामांनी मला पाहिलं.

"जावयासारखा दारात काय हुबा राहिलास? हिकडं ये. मी काय बोललो ते ह्या सायबांस्नी मराठीत सांग."

मी पाहुण्यांपुढे गेलो. सांगितलं : मुलाला का धाडलं, हे मामांना विचारायचं आहे, ज्यांनी ठरवलं त्यांनी त्यांच्या कट्ट्यावर येऊन सांगावं.

एका पाहुण्यानं कप खाली ठेवला. "भावना समजू शकतो," तो म्हणाला.

मामा माझ्याकडेच बघत होते.

"नाव इचारलं हुतं मी," ते म्हणाले. "ते गाळलंस की पुन्ना."