टँकरची यादी
पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला हर्सूलच्या आमच्या जुन्या सोसायटीतली दुष्काळातली एक सकाळ आठवते. नळ कोरडे होते, टँकर फाटकात उभा होता आणि पाण्याच्या नंबरांची यादी ठेवायचं काम माझ्याकडे असल्यानं ती माझ्या लॅपटॉपमध्ये होती. नेमकी तेव्हाच स्क्रीन काळी पडली. आदल्याच दिवशी मी त्यात विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं. शेजारच्या काकू हंडा आपटत म्हणाल्या, "लई बरोबर टायमाला बंद पडला. हिला सोताचा नंबर वर घ्यायचा असंल." मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरला, तर यादी पुसट दिसली. म्हणजे फक्त स्क्रीनचा उजेड शून्यावर गेला होता. तो वाढवायचं बटण चालेना, म्हणून टॉर्चच्या उजेडात बघत मी उजेड वाढवायची कमांड टाइप केली आणि स्क्रीन उजळली. काकूंचा नंबर तिसरा होता, माझा एकोणिसावा. "आपण बोललो म्हणून आत्ता सोताचा नंबर खाली सरकवला हिनं," काकू म्हणाल्या. रांगेतलं कुणीच माझ्या बाजूनं बोललं नाही. मागच्या आठवड्यात छावणीच्या बाजारात त्या भेटल्या, ओळखीचं हसल्या. मी मान खाली घालून वांगी निवडत राहिले.