आवक क्रमांक नसलेला कोल्हा

मी हाताने टिपणी लिहायला घेतली की आमच्या ऑफिसात सगळे गप्प होतात. गोंदियाजवळ फुलचूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मुख्य लिपिक आहे. बाकी सगळा पत्रव्यवहार संगणकावर टाइप होतो. फक्त कुणाच्या विरोधात काही लिहायचं असेल, तर ते मी माझ्या अक्षरात लिहितो आणि पाकिटात घालून प्राचार्यांकडे नेतो. असा नियम कुणी केलेला नाही, सवयीने पडला. २०१० च्या फेब्रुवारीत असं एक पाकीट मनिराम गहाणेच्या नावाने तयार होण्याच्या बेतात होतं.

मनिराम आमचा संगणक ऑपरेटर. वय सेहेचाळीस, नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर. करार ३१ मार्चला संपणार होता आणि तो वाढवावा की नाही, याची शिफारस माझ्याकडून जायची होती. हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या दोन मुली शिकत होत्या आणि घरात कमावणारा तो एकटाच होता, हे मला ठाऊक होतं.

तो मूळचा नवेगाव बांधचा. गोंदियात टायपिंग शिकायला आला आणि पुढे स्वतःच शिकवायला लागला. जुन्या बसस्टँडजवळ त्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये आठ मशिनी होत्या. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा; मी स्वतः ऐकलेला आहे. दोन हजार तीन साली इन्स्टिट्यूटला कुलूप लागलं. सात मशिनी भंगारात गेल्या, आठवी त्याने घरी ठेवली. आमच्याकडे आल्यावर तो रोज संध्याकाळी की-बोर्डवर पिवळं फडकं टाकायचा, टाइपरायटरवर टाकायचा तसंच. टाइप करताना बोटांकडे बघायचा नाही. चूक मी पाहिली नाही. पण चूक न करणाऱ्या माणसावर लक्ष जास्त ठेवावं लागतं, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव.

मंगळवारी, नऊ तारखेला, मी आलो तर संगणकाच्या पडद्यावर, नेट उघडायच्या नेहमीच्या निळ्या ई-च्या शेजारी एक नवीन चित्र होतं. पृथ्वीच्या गोळ्याला वेटोळं घालून बसलेला तांबडा कोल्हा.

"मनिराम, हे काय आहे?"

"फायरफॉक्स, बाबू. नेट पाहाचं दुसरं सॉफ्टवेअर. जुनं लय अटकून राहिलं होतं, म्हणून हे टाकलं."

"कुणी दिलं?"

"कोनी नाई. नेटवरूनच उतरवलं. फुकट हाये."

"फुकट काऊन?"

"आता ते मले काय माहीत बाबू. देऊन राहिले, त घेतलं."

मी ते उघडून पाहिलं आणि शंका वाढलीच. वरची सगळी नावं मराठीत! आम्ही टाइप केलेलं सोडलं, तर इतकी वर्षं संगणकावर एक शब्द मराठीत दिसला नव्हता. ज्याचे पैसे मोजले ते इंग्रजीत, आणि जे फुकट आलं ते मराठीत. खऱ्या मालावर असं होत नाही. शिवाय आमच्या ऑफिसात खडूचं खोकंसुद्धा आवक नोंदवहीत क्रमांक पडल्याशिवाय आत येत नाही. या कोल्ह्याला ना पत्र, ना बिल, ना क्रमांक.

मग मी जे केलं, ते परीक्षेच्या कामात मुरलेला माणूसच करेल. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला आम्ही कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही करतो, म्हणजे कुणी उघडला तर कळतं. तशा दोन पट्ट्या मी काढल्या. एक सीडी घालायच्या खाचेवर लावली, दुसरी पेन ड्राइव्हच्या जागेवर. सही, तारीख, शिक्का. आता काही आत शिरलं तर समजेल.

मनिरामने पट्ट्या पाहिल्या, डोकं खाजवलं. "बाबू, नेट त मागच्या वायरनं येते."

आमच्या शिपाई मंदाबाई चहा ठेवत होत्या. म्हणाल्या, "राहू द्या हो मनिरामभाऊ, बाबूनं समोरचं दार लावलं. मागचं कोल्ह्याले सोडलं." आणि हसत निघून गेल्या. पट्ट्या मी काढल्या नाहीत.

पुढचे काही दिवस मी परीक्षा घेतली. मनिरामने तेच पान आधी जुन्यात उघडायचं, मग नव्यात. मी घड्याळ लावून वहीत वेळ लिहायची. नवं जवळजवळ दर वेळी पुढे राहिलं. तेवढ्याने माझा संशय कमी झाला नाही. इतक्या लवकर पान आणतो, म्हणजे कुठेतरी आधीच आणून ठेवलेलं असणार.

गुरुवारी, अठरा तारखेला, मनिराम जेवायला गेला असताना मी पहिल्यांदा एकटा त्या कोल्ह्यासमोर बसलो. नागपूर विद्यापीठाचं पान पाहायचं होतं. पत्त्याच्या जागी नागपूरची पहिली दोन अक्षरं टाइप केली, आणि खाली आपोआप एक यादी उघडली. विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावर होतं. पहिल्या क्रमांकावर होती नागपूरचीच एक एजन्सी, ऑफिसांना संगणक ऑपरेटर पुरवणारी.

जानेवारीत प्राचार्य म्हणाले होते, "एजन्सीचा माणूस घेतला तर दरवर्षी कराराची कटकट नको. जरा बघून ठेवा." म्हणून ते पान मी तीनदा पाहिलं होतं. तीनही वेळा मनिराम बाहेर असताना, आणि तीनही वेळा त्या निळ्या ई-मध्ये. शेवटचं पाच तारखेला. कोल्हा आला नऊ तारखेला. जो नऊला आला, त्याला पाचचं कसं माहीत? पत्र टपालात पडायच्या आधीच आवक झाल्यासारखं होतं ते. याचा अर्थ एकच निघत होता. मनिराम आधीपासून माझ्यावर पाळत ठेवत होता.

मी पेन काढलं, कोरा कागद पुढे घेतला. तेवढ्यात मनिराम डबा धुऊन आत आला. त्याने पेन पाहिलं आणि दारातच थांबला.

"ये, बस," मी म्हणालो. "हे पान याच्यात कसं आलं?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. दचकला नाही.

"पह्यल्यांदा उघडलं तवा त्यानं विचारलं, जुन्यातलं सारं इकडं आनू का? मी हो म्हटलं. ऑफिसची सारी पानं पुन्हा कोन शोधत बसन? त्याच्यासंगं तुमचंबी आलं."

"म्हणजे तू पाहिलंस."

"पाह्यलं."

"कधी?"

"त्याच दिवशी. मंगळवारी."

मी मनात मोजलं. नऊ दिवस. या नऊ दिवसांत त्याने माझ्या परीक्षेसाठी तीच ती पानं पुन्हा पुन्हा उघडली होती, माझ्या पट्ट्यांवरची धूळ पुसली होती, रोज सकाळी नमस्कार केला होता.

"मग बोलला काऊन नाहीस?"

"काय बोलू बाबू? पाहनं तुमचं काम आहे." तो खुर्चीच्या कडेला बसला. "माही इन्स्टिट्यूट चालू होती तवा मीबी कम्प्युटरच्या क्लाससमोरून सायकल हळू नेऊन पाहो, किती पोरं बसून राहिले म्हणून. घरी नाई सांगो. पोरींच्या मायलेबी नाई."

"हे यादीतून पुसता येतं?"

"येते. दोन मिनिटांचं काम."

"मग पुसलं का नाहीस?"

"तुमचं होतं. मी कायले पुसू?"

नोंद ताब्यात असताना, ती आपल्या विरोधात असताना, तिला हात न लावणारा माणूस ऑफिसात किती वेळा भेटतो? मला एखाददुसरा आठवला. दुसरीही एक शक्यता होती: मला कधीतरी दिसावं, लाज वाटावी, म्हणूनच त्याने ते ठेवलं असेल. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही कळलं नाही. दोन्ही खरं असू शकतं, हे मी आजही नाकारत नाही.

पण टिपणी माणसाच्या मनावर लिहायची नसते, त्याच्या कामावर लिहायची असते. मी पेनला टोपण लावलं आणि कोरा कागद खणात ठेवला.

"मनिराम, टाइप कर."

त्याने हात की-बोर्डवर ठेवले. मी सांगू लागलो. "विषय: संगणक ऑपरेटर श्री. मनिराम गहाणे यांच्या करारास मुदतवाढ देण्याबाबत."

बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली. पडद्यावर त्याने स्वतःचंच नाव चुकवलं होतं. त्याची पहिली चूक. माझ्याकडे न बघता त्याने ती दुरुस्त केली. एजन्सीची चौकशी केली, पण तिची आवश्यकता वाटत नाही, हेही मी टिपणीत घातलं. लपवलेलं एकदा कागदावर आलेलं बरं. शेवटी एक ओळ जोडली: संगणकावर नवीन काही घेण्यापूर्वी त्यांनी लेखी अर्ज करून आवक क्रमांक घ्यावा.

"त्याचाबी अर्ज देऊ?" त्याने पडद्यावरच्या कोल्ह्याकडे बोट केलं.

"उद्या सकाळी. मागची तारीख टाकू नको."

प्राचार्यांनी त्याच दुपारी वाचून होकार दिला. टिपणी संस्थेच्या सचिवांना मेल करायची होती. मनिरामने माउसवर हात ठेवला, बाण दोन्ही चित्रांच्या मधे आणून थांबवला.

"बाबू, कोनत्यात उघडू?"

"जुन्यातच," मी म्हणालो. "कोल्ह्याचा क्रमांक उद्या पडणार."