देवाजी आजाने सांगितलेली नावं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, गडचिरोलीकडचं काम मी पाठदुखीमुळे सोडलं. पाठ दुखते हे खरं — पण कामं काय पाठीमुळे सुटतात?

मी चंद्रपूरजवळच्या मूल गावचा. चंद्रपुरात एका संस्थेसाठी प्रोग्रॅम लिहायचो. जंगलातल्या गावांनी वनहक्काच्या दाव्यासाठी आपल्या हद्दीतल्या जागांची नावं टॅबवर भरायची, ती आमच्या ऑफिसातल्या मशीनवर साठायची, एवढंच काम. आता आलेली अक्षरं कशी वाचायची, हे प्रोग्रॅमला सांगावं लागतं. त्याला एन्कोडिंग म्हणतात. कुणी सांगितलंच नाही तर काय धरून चालायचं, ते मी ठरवायचं होतं. एका ओळीचं काम. मी ठरवलं — प्रोग्रॅम ज्या मशीनवर चालेल, त्या मशीनचं जे एन्कोडिंग असेल ते. माझ्या लॅपटॉपवर मराठी झकास दिसत होती. ऑफिसातलं मशीन जुनं, इंग्रजीवर लावलेलं. तिथे मी माझंच नाव टाकून पाहिलं, इंग्रजीत. चाललं. मग चहाला गेलो.

गडचिरोलीकडच्या अशाच एका गावात देवाजी आजा होते. डोंगर, नाले, देवाची झाडं — सगळ्यांची गोंडी नावं एकट्या त्यांना ठाऊक. पण बसून विचारलं तर एक आठवायचं नाही. चालत त्या जागी पोचले की नाव आपोआप तोंडात यायचं. म्हणून गावातलीच सुनंदा, नुकती बारावी झालेली, चार दिवस त्यांच्यामागे रान तुडवत होती. आजा थांबले की ती ते नाव मराठी अक्षरांत टाइप करायची. एकदा पाठवलं की टॅबवरून पुसलं जायचं. ती हुशारीही माझीच.

ऑफिसात उघडलं तर — प्रश्नचिन्हं. नुसती प्रश्नचिन्हं. मशीनला न कळलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक. त्यातून मूळ अक्षर परत काढता येत नाही, कुणालाच नाही. काय झालं ते मला पाच मिनिटांत कळलं. ओळ दुरुस्त केली, गुपचूप.

आणि बैठकीत? बैठकीत मी म्हणालो, पोरीनं कीबोर्ड चुकीचा लावला असेल. सुनंदा समोरच बसली होती. वाटलं, भांडेल.

"माहीच चूक झाली असन, भाऊ," ती म्हणाली.

भांडली असती तर मी खरं बोललो असतो का? कोण जाणे — नाही, मी जाणतो. नसतो बोललो.

संस्थेनं तिच्याकडून टॅब काढून घेतला. ती पुन्हा आजांकडे गेली, पण तोवर त्यांचे पाय गेले होते. गावानं त्यांना खाटेवर घालून रानात नेलं. आजा नुसते आभाळाकडे बघत राहिले. "चालता येत नाई, तं नाव कुठून येईन, बाई?" म्हणाले. मी तिथेच होतो, खाटेचा एक पाय धरून. दावा दाखल झाला तो गावाजवळच्या रानापुरताच. पलीकडचा डोंगर राहिला. पुढे आजाही गेले.

ती फाइल अजून माझ्याकडे आहे. एका ओळीत पाच चिन्हं, पुढच्या ओळीत नऊ. नाव किती लांब होतं, तेवढं कळतं.

परवा मूलच्या बाजारात सुनंदा भेटली. लग्न होऊन जवळच्याच सावली गावात आलीय. कडेवर मूल, हातात मोबाइल. मलाच तिनं आधी हाक मारली.

"भाऊ, मले अजून मराठीत लिवाची भीती वाटते," ती हसत म्हणाली.

मी म्हणालो, सरावानं येतं.