एक्केचाळीस नंबरचा शिक्का

हॉलोब्रुकच्या पॅव्हेलियनमध्ये चहाच्या खिडकीशेजारी ओक लाकडाची एक पाटी होती. तिच्यावर सोनेरी रंगात क्लबच्या मॅनेजरांची नावं होती, अगदी १८९० पासूनची. बर्मिंगहॅमच्या या टोकाला तेव्हा तारेचा कारखाना होता. मालकाला अमेरिकेच्या वारीत बेसबॉलचं वेड लागलं आणि त्यानं पगारी खेळाडूंचा संघ उभा केला. एका उन्हाळ्यात चार मॅनेजर झाले. पहिला अमेरिकन, सहा आठवड्यांत घरी परतला. दुसरा क्रिकेटवाला, तो मॅच थांबवून सगळ्यांना चहाला सोडायचा म्हणून गेला. तिसरा मालकाचा मेहुणा, तो अकरा दिवस टिकला. चौथा कारखान्याच्या गेटवरचा टाइमकीपर, त्यानं मोसम कसाबसा संपवला आणि पगारी संघही तिथेच संपला. नंतरची शंभर वर्षं कामगार हौसेनं खेळत राहिले.

अकरा दिवसांच्या त्या मेहुण्याचं नाव पाटीवर आहे आणि सियोन दिवेकरांचं नाही. मला याचा राग येतो. त्या रागातला निम्मा माझा माझ्यावरच आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

सियोनकाका मुंबईचे, माझगावचे. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. चौसष्ट साली फिटर म्हणून इथे आले आणि त्याच तारेच्या कारखान्यात, टूलरूममध्ये, तपासनीस झाले. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी केलेला माल मोजायचा आणि बरोबर असला की त्यावर पोलादी शिक्का ठोकायचा, हे काम. शिक्क्यावर नाव नसे, नंबर असे. काकांचा एक्केचाळीस. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी शिक्का जमा करायला नेला. घ्यायला माणूसच उरला नव्हता, म्हणून तो परत घरी आला.

बेसबॉलशी त्यांचा संबंध वहीपुरता. एकदा क्लबचा स्कोअरर आला नाही, आणि तुम्हा इंडियन लोकांना स्कोअरिंग येतंच, असं म्हणून कुणीतरी वही त्यांच्या हातात दिली. ती पंचवीस वर्षं हातातच राहिली. मॅच रविवारी असत, त्यामुळे शनिवारच्या शब्बाथला, त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवसाला, धक्का नव्हता.

मी पुण्याहून वर्क व्हिसावर एका बँकेच्या आयटीत आलो तो २००३ च्या हिवाळ्यात. बसमध्ये फोनवर आईशी बोलत होतो, तर मागच्या सीटवरून आवाज आला, "पुण्याचे का? बॉल झेलता येतो?" पुढच्या रविवारी मी आणि माझा ऑफिसातला मित्र अतुल हॉलोब्रुकच्या मैदानावर होतो. क्लबकडे तेव्हा जेमतेम दहा माणसं होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असा प्रकार.

२००४ च्या मे महिन्यात मॅनेजरला ब्रिस्टलला नोकरी लागली आणि तो गेला. कमिटीनं काकांना काम सांगितलं, पण हंगामी म्हणून. सेक्रेटरी कीथनं अट स्पष्ट केली. संघ या डिव्हिजनमध्ये टिकला तर काका कायम आणि पाटीवर नाव. खाली घसरला तर दुसरा माणूस.

काकांना ते नाव हवं होतं. हे त्यांनी लपवलं नाही. एकदा पाटीखाली चहा पिताना मला म्हणाले, "मिलिंद, मी पास केलेले टूल्स अर्ध्या जगात गेले असतील. कुठल्याही पीसवर माझं नाव नाही रे. इथे एकदा आलं तर अविवाला दाखवीन." अविवा त्यांची मुलगी, एडिनबराला हॉस्पिटलमध्ये नोकरीला. तिनं शेवटच्या मॅचला यायचं कबूलही केलं होतं.

ती मॅच सप्टेंबरात होती. जिंकलो तर टिकलो, हरलो तर खाली. घोडामैदान अगदी जवळ. काकांच्या बायकोनं, सॅलीकाकूंनी, सगळ्यांसाठी डबाभर करंज्या आणल्या होत्या. अविवा आदल्या रात्रीच आली होती आणि बापाशेजारी बाकावर बसली होती.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं मागे. आमची दोन माणसं बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यांवर, दोन आउट, तिसरा झाला की खेळ संपला, आणि फलंदाजीची पाळी माझी. तेवढ्यात आमच्या एकाचा पाय मुरगळला म्हणून काका बर्फ घेऊन पॅव्हेलियनमागे गेले. वही बाकावर तशीच. मी हेल्मेट घातलं आणि माझ्या डोक्यात पुणेरी शहाणपण शिरलं. त्या दिवशी माझा एकही फटका बसला नव्हता. अतुलची पाळी माझ्यानंतर, आणि तो फॉर्मात. क्रिकेटमध्ये शेवटच्या ओव्हरला हाणणारा बॅट्समन वर पाठवतात हे आपण लहानपणापासून बघतो. मी म्हटलं, "अत्या, तू जा आधी. मी नंतर बघतो."

अतुल गेला आणि दुसऱ्याच बॉलला त्यानं असा हाणला की बेसवरचे दोघेही धावत शेवटच्या टप्प्यावर, होमवर, आले. आम्ही जिंकलो. मी तर करंजीचा डबाच डोक्यावर घेऊन नाचलो.

काका आले, हसत हसत बाकावर बसले आणि पेन्सिल काढली. "कुणी मारला?"

"अतुलनं."

"आणि त्याच्या आधी तू काय केलंस?"

"मी नाही गेलो. त्याला पुढे पाठवला."

काकांची पेन्सिल थांबली. बेसबॉलमध्ये मॅचआधी कार्डावर लिहून दिलेला फलंदाजीचा क्रम शेवटपर्यंत बदलता येत नाही. क्रम मोडला तर ज्याची पाळी होती तो आउट आणि झालेल्या धावा रद्द. मात्र त्यासाठी समोरच्या संघानं तक्रार करावी लागते, दोन्ही संघ मैदानावर आहेत तोवर. अंपायरला दिसलं तरी त्यानं आपण होऊन बोलायचं नाही. हे सगळं काकांनी मला त्याच बाकावर दोन मिनिटांत, अगदी शांतपणे समजावलं. समोरचा मॅनेजर डेरेक पिशवीत बॅटी भरत होता. त्याला पत्ताच नव्हता.

"मग झालं तर," मी म्हटलं. "काका, त्यांनी अपील करायला हवं ना? रूल तसाच आहे. पाच मिनिटांत सगळे घरी जातील."

"रूल तसाच आहे."

"मग बसा ना गप्प. तुमच्या नावाचा प्रश्न आहे."

त्यांनी पाटी होती त्या दिशेला एकदा बघितलं. त्यांना मोह झाला होता, हे मी शपथेवर सांगतो. मग वही काखेत मारून उठले. "मला दिसलंय रे," म्हणाले. "दिसल्यावर पास कसा करू?"

ते मैदान ओलांडून डेरेककडे गेले आणि वही उघडून दाखवली. याला आपल्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात. डेरेक आधी हसला, मग त्यानं आपल्या पोरांकडे बघितलं, आणि अंपायरकडे गेला. तीन मिनिटांत मी आउट होतो, बॅट न उचलता, आणि आम्ही हरलो होतो.

आमची माणसं काकांवर फार चिडली. कीथनं विचारलं, की क्रम कुणी मोडला? काका म्हणाले, "कार्ड मॅनेजरचं असतं. चूक माझी." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. नव्या देशात, दहा गोऱ्या माणसांसमोर, मला लाज वाटली आणि भीती वाटली, एवढंच कारण. अविवानं आत जाऊन पाटी बघितली आणि बाहेर येऊन मला तिच्या मराठीत विचारलं, "डॅडीची नाव आता येणार नाही?" मी नाही म्हटलं.

पुढच्या वर्षी खालच्या डिव्हिजनमधल्या संघाचा मॅनेजर व्हायला कुणी तयार होईना. कीथनं मला विचारलं. मी काकांकडे गेलो आणि म्हटलं, हे मला शोभत नाही, मी कमिटीला खरं काय ते सांगतो. काका म्हणाले, "सांग. सांगायलाच हवं होतंस. पण मॅनेजर हो. क्रम आता तू जन्मात विसरणार नाहीस." मी कमिटीला सांगितलं. कीथ म्हणाला, संघ खाली गेला तो गेलाच, अट ती अट. काका त्यालाही हो म्हणाले आणि पुन्हा वही घेऊन बाकावर बसले.

मी तीन मोसम मॅनेजर होतो. २००७ मध्ये आम्ही परत वर आलो आणि पेंटरनं माझं नाव घातलं. एम. ओगले, २००५ ते २००७. त्याच्या वर २००४ ची ओळ रिकामी. काकांनी चष्मा बदलून अख्खी पाटी वरपासून वाचली. चारही पगारी मॅनेजर, मेहुण्यासकट. माझ्या नावाच्या अक्षरांतलं अंतर पट्टीनं मोजलं. सगळं बरोबर निघाल्यावर त्यांनी कोटाच्या खिशातून तो शिक्का आणि छोटी हातोडी काढली. ते घरून ठरवूनच आले होते.

"काका, त्या रिकाम्या ओळीत मारा," मी म्हटलं.

"तिथे नाही. ती ओळ मॅनेजरची आहे."

त्यांनी पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे तयार मालावर मारतात तिथे, शिक्का टेकवला आणि एकच ठोका दिला. कीथ बघत होता, त्यानं अडवलं नाही. मी रडलो, आणि ते पुसायचंही मला सुचलं नाही. त्या उन्हाळ्यात अविवा आली तेव्हा काकांनी तिला हाताला धरून पाटीपाशी नेलं आणि कोपऱ्यातला एक्केचाळीस दाखवला.