व्हेनिसच्या खिडकीतला परकर

काल इथे कॅनडात, लेकीकडे ओकव्हिलला लख्ख ऊन पडलं, म्हणून मी डेकच्या कठड्यावर परकर वाळत घातला. "आई, ड्रायर आहे ना! शेजारी बघतायत," लेक ओरडली. उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा वास आला आणि मी थेट व्हेनिसला पोचले.

तेव्हा ती सात वर्षांची. हॉटेलच्या खिडकीत मी माझा केशरी परकर वाळत टाकला होता. "अब्रू काढशील," हे करवादले होते. मग मी, मोठी हुशार, एका दुकानात काचेच्या मण्यांसाठी घासाघीस करत राहिले आणि लेकीचा हात कधी सुटला, कळलंच नाही.

गल्ल्यांतून, पुलांवरून तिच्या नावानं हाका मारत, रडत धावले. हॉटेलपाशी आले, तर बाईसाहेब खिडकीखाली उभ्या!

"आई, यू गॉट लॉस्ट! मला पुलावरूनच तुझा परकर दिसला, म्हणून इथे थांबले."

मी आधी धपाटा घातला, मग छातीशी धरलं. हरवले मी आणि मार तिला!

आता ती तिच्या मुलांना ऐटीत सांगते, "आजी हरवली होती, मी शोधली." धपाट्याचं नावही काढत नाही. केवढे हे उपकार!